कूस आणि कायदा

१९३४ सालच्या फेब्रुवारीत मुंबईच्या दंडाधिकाऱ्यांपुढे एक खटला उभा राहिला. आरोपी बावन्न वर्षांचे, गणिताचे माजी प्राध्यापक. गुन्हा असा, की आपल्या मासिकात त्यांनी वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं छापली होती. हस्तमैथुनाने शरीराला अपाय होतो का, समलिंगी संबंध म्हणजे विकृती का, अशा स्वरूपाचे ते प्रश्न. घरात विचारायची सोय नाही, वैद्य-डॉक्टरांपुढे जीभ रेटत नाही, म्हणून लोकांनी ते पत्रातून विचारले होते. सरकारच्या मते ही उत्तरं अश्लील होती. आरोपीचं नाव रघुनाथ धोंडो कर्वे. मासिकाचं नाव 'समाजस्वास्थ्य'. आणि आरोपीचे वकील होते बॅरिस्टर भीमराव रामजी आंबेडकर.

याच धर्तीचा एक खटला पाच वर्षांपूर्वी न्यू यॉर्कमध्ये होऊन गेला होता. मेरी वेअर डेनेट नावाच्या बाईंनी आपल्या दोन वाढत्या मुलांसाठी लैंगिक जीवनाची माहिती देणारी पुस्तिका लिहिली होती. मुलांच्या हाती देण्याजोगं एकही धड पुस्तक सापडेना, म्हणून त्यांनी स्वतःच ती लिहून काढली. पुढे ती छापली गेली, टपालाने देशभर जाऊ लागली. १९२९ मध्ये ब्रुकलिनच्या न्यायालयाने डेनेटबाईंना अश्लील मजकूर टपालाने पाठवल्याबद्दल दोषी ठरवलं आणि तीनशे डॉलर दंड केला. दंड भरायला त्यांनी साफ नकार दिला. १९३० मध्ये वरच्या न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली.

अमेरिकेचा समाज वेगळा, आपला वेगळा. तरी ही दोन माणसं एकाच कारणासाठी कोर्टाची पायरी चढली. विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात न्यू यॉर्क आणि मुंबई या दोन शहरांमध्ये एकच भांडण चाललं होतं: आपल्या शरीराविषयी जाणून घ्यायचा आणि त्याबद्दल ठरवायचा हक्क कुणाचा? त्या भांडणाची ही हकिकत.

दोन आया

मार्गारेट सँगर यांचा जन्म १८७९ चा, कर्व्यांचा १८८२ चा. दोघांची वयं जवळपास सारखी आणि दोघांच्याही आयुष्यात आईचा मृत्यू खोल रुतलेला.

सँगर यांच्या आईला अठरा वेळा दिवस गेले होते, त्यातली अकरा मुलं जगली. क्षयाने पोखरलेली ती बाई बाळंतपणांच्या ओझ्याखाली लवकर गेली. इकडे रघुनाथ नऊ वर्षांचा असताना, १८९१ मध्ये, त्याची आई राधाबाई बाळंतपणात वारली. वडील धोंडो केशव कर्वे पुढे महर्षी झाले. त्यांनी विधवेशी विवाह केला, विधवांसाठी आश्रम काढला, १९१६ मध्ये महिला विद्यापीठ उभं केलं. बायकांना शिक्षण मिळालं पाहिजे यासाठी बापाने आयुष्य वेचलं. मुलाने त्यापुढचा प्रश्न हातात घेतला. शिकलेली असो वा निरक्षर, बाईला कधी आणि किती वेळा दिवस जावेत हे तिच्या हाती नसेल, तर तिच्या आयुष्यातलं बाकीचं काय तिच्या हाती उरतं?

त्या काळात हा प्रश्न जिवाशी गाठ घालणारा होता. सल्फा औषधं यायची होती, पेनिसिलीन तर फारच दूर. बाळंतरोगाने बायका पटापट मरत. ठाण्याच्या खाडीकाठी घणसोलीसारख्या आगरी-कोळी गावांत भातशेती आणि मिठागरावरचं काम सांभाळून बायका मुलं जन्माला घालत. बाळंतपण गावच्या सुईणीच्या हाती. एक मूल अंगावर पीत असताना दुसऱ्याची चाहूल लागायची, पाळणा रिकामा राहायचा नाही. त्यात कुणाला वावगं वाटत नसे, कारण दुसरं काही असू शकतं हेच ठाऊक नव्हतं. ज्यांना ठाऊक होतं त्यांची तोंडं बंद होती.

ब्रुकलिनमधले दहा दिवस

अमेरिकेत ही तोंडं कायद्याने बंद केली होती. १८७३ च्या कॉमस्टॉक कायद्याने गर्भप्रतिबंधाची साधनं आणि त्यांविषयीची माहिती दोन्ही अश्लील ठरवून टपालातून हद्दपार केली होती. डॉक्टरने रुग्णाला पत्राने सल्ला दिला तरी तो गुन्हा ठरू शकत होता.

सँगर न्यू यॉर्कच्या गरीब वस्त्यांत परिचारिका म्हणून काम करत होत्या. आधीच चारपाच मुलं असलेल्या, नको असलेला गर्भ पाडून घेताना मरणाच्या दारात पोचलेल्या बायका त्यांनी जवळून पाहिल्या. १६ ऑक्टोबर १९१६ रोजी त्यांनी बहीण एथेल बर्न आणि सहकारी फानिया मिंडेल यांच्यासोबत ब्रुकलिनच्या ब्राउन्सव्हिल भागात, अँबॉय स्ट्रीटवरच्या एका छोट्या जागेत दवाखाना उघडला. वस्ती बहुतेक ज्यू आणि इटालियन स्थलांतरितांची, म्हणून पत्रकं इंग्रजी, यिडिश आणि इटालियन अशा तीन भाषांत छापली होती. नोंदणीची फी दहा सेंट.

पहिल्याच दिवशी दारात रांग लागली. शाली गुंडाळलेल्या, बाबागाडी ढकलत आलेल्या, पदराला दोनतीन मुलं लटकलेल्या बायका ताटकळत उभ्या होत्या. साध्या वेशातल्या एका महिला पोलिसाने गिऱ्हाईक बनून माहिती घेतली आणि दहाव्या दिवशी पोलिसांनी दवाखान्याला टाळं ठोकलं. तोवर साडेचारशेहून अधिक बायका येऊन गेल्या होत्या. सँगर यांना तीस दिवसांची कैद झाली. पण अपिलात, १९१८ मध्ये, न्यू यॉर्कच्या वरिष्ठ न्यायालयाने एक फट उघडी केली. रोग टाळण्यासाठी किंवा बरा करण्यासाठी डॉक्टर गर्भप्रतिबंधाचा सल्ला देऊ शकतो, असं ठरलं. पुढची पाच दशकं अमेरिकेतली लढाई ही फट रुंदावण्याचीच होती.

मुंबईतला दवाखाना

गणिताच्या उच्च अभ्यासासाठी कर्वे पहिल्या महायुद्धानंतर पॅरिसला गेले. तिथे त्यांनी गणित तर केलंच, शिवाय युरोपात चाललेली संततिनियमनाची चर्चा, लैंगिक विज्ञानाचं साहित्य आणि बाजारात मिळणारी साधनं हे सगळं बारकाईने पाहिलं. परत येऊन विल्सन कॉलेजात शिकवू लागले आणि १९२१ मध्ये मुंबईत त्यांनी संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं. भारतातलं हे पहिलं. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचा दवाखाना उघडला तोही याच वर्षी. म्हणजे मुंबई या बाबतीत लंडनच्या पाऊलभरही मागे नव्हती. फरक एवढाच की मुंबईत हे काम एक एकटा गणिताचा शिक्षक करत होता.

१९२३ मध्ये 'संततिनियमन' हे त्यांचं पुस्तक आलं. कॉलेजच्या मिशनरी चालकांना प्राध्यापकाचा हा उद्योग रुचला नाही. काम थांबवा किंवा नोकरी सोडा, अशी वेळ आली. कर्व्यांनी नोकरी सोडली. पत्नी मालतीबाईंनी या सगळ्यात त्यांची साथ दिली. दोघांनी विचार करून मूल होऊ द्यायचं नाही असं ठरवलं होतं. विसाच्या दशकातल्या मराठी घरात या निर्णयाची किंमत बाईलाच अधिक मोजावी लागे. 'वांझ' हा शब्द पुरुषाला कुणी चिकटवत नाही. मालतीबाईंचं नाव या इतिहासात जेवढं ठळक हवं तेवढं आपण कधी लिहिलेलं नाही.

जुलै १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य'चा पहिला अंक निघाला. कर्वे ते स्वतःच लिहीत, स्वतःच छापून घेत, पदरमोड करून चालवत. मुखपृष्ठावर स्त्रीदेहाचं नग्न चित्र असे. शरीराची लाज बाळगण्याचं कारण नाही हे सांगायची त्यांची ती रीत. आत संततिनियमनाची साधनं आणि ती वापरायची पद्धत, गुप्तरोगांपासून बचाव, विवाह, वेश्याव्यवसाय, धर्म आणि नीती यांवरचे लेख. आणि वाचकांची पत्रं. वाचक नाव न सांगता विचारत आणि कर्वे गणिताच्या शिक्षकाच्या शिस्तीने उत्तर देत. प्रश्न काय, आजवरचं ज्ञान काय सांगतं, त्यावरून निष्कर्ष काय. उपदेश नाही, धाकदपटशा नाही. लैंगिक सुखावर स्त्रीचा पुरुषाइतकाच हक्क आहे, हे त्यांनी १९२७ नंतरच्या महाराष्ट्रात स्वच्छ मराठीत लिहिलं. यासाठी त्यांना कुणी क्षमा केली नाही.

या मासिकाची मर्यादाही मान्य केली पाहिजे. ते लिहितावाचता येणाऱ्यांपर्यंत पोचलं, म्हणजे प्रामुख्याने शहरी मध्यमवर्गापर्यंत. रबरी टोप्या, स्पंज, निरोधक ही साधनं परदेशातून येत, महाग पडत, आणि वापरायला घरात आडोसा व पाणी लागे. एका खोलीच्या चाळीत आठ माणसं राहतात तिथे आडोसा कुठला? खाडीपलीकडच्या मिठागरावरच्या बाईपर्यंत कर्व्यांचं अक्षर पोचलंच नाही. ज्ञान खुलं करणं ही पहिली पायरी होती. ते प्रत्येकीच्या हाती पडेल अशी व्यवस्था उभी करायला एकट्या माणसाची ताकद पुरी पडणार नव्हती.

१९२७ चं दुसरं अंग

'समाजस्वास्थ्य' सुरू झालं त्याच वर्षी ना. सी. फडके यांचं 'सेक्स प्रॉब्लेम इन इंडिया' हे इंग्रजी पुस्तक मुंबईत प्रसिद्ध झालं. त्याला प्रस्तावना होती खुद्द मार्गारेट सँगर यांची. मराठी कादंबरीकाराला अमेरिकन कार्यकर्तीची प्रस्तावना मिळते, यावरून ही मंडळी एकमेकांच्या किती संपर्कात होती ते दिसतं. पण फडक्यांच्या पुस्तकाचा भर सुप्रजननशास्त्रावर होता. चांगल्या 'वाणा'ची प्रजा वाढावी, कमअस्सलांची कमी व्हावी, हा त्यामागचा विचार.

याच १९२७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बक विरुद्ध बेल या खटल्याचा निकाल दिला. कॅरी बक ही व्हर्जिनिया राज्यातली गरीब तरुणी. तिला मतिमंद ठरवून संस्थेत डांबलं होतं. तिची सक्तीने नसबंदी करायला न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी परवानगी दिली. अशा कायद्यांखाली अमेरिकेत पुढच्या दशकांत साठ हजारांहून अधिक माणसांवर नसबंदी लादली गेली. त्यात गरीब, कृष्णवर्णीय, मूलनिवासी आणि मनोरुग्ण यांचा भरणा होता. सँगर यांनी स्वतः 'अपात्र' माणसांच्या नसबंदीचा पुरस्कार केला होता. म्हणूनच २०२० मध्ये न्यू यॉर्कच्या प्लॅन्ड पेरेंटहूड संस्थेने आपल्या मॅनहॅटनमधल्या दवाखान्यावरून त्यांचं नाव काढून टाकलं.

हे सगळं एकाच वर्षात घडलं, आणि पुढचा सारा गुंता त्यात बीजरूपाने दिसतो. गर्भप्रतिबंधाचं ज्ञान माणसाला मोकळं करू शकतं आणि तेच ज्ञान सत्तेच्या हाती गेलं की माणसावर चालवायचं हत्यारही होतं. फरक ठरतो तो एकाच गोष्टीने: निर्णय कोण घेतो?

कोर्टातले आंबेडकर

कर्व्यांवरचा पहिला खटला 'व्यभिचाराचा प्रश्न' या लेखावरून १९३१ मध्ये झाला होता. त्यात त्यांना शंभर रुपये दंड झाला. १९३४ च्या खटल्यात आंबेडकर उभे राहिले तेव्हा ते गोलमेज परिषदा आणि पुणे करार पार करून आलेले देशपातळीवरचे नेते होते. अश्लीलतेच्या आरोपातल्या माणसाचं वकीलपत्र घेऊन त्यांना लौकिक मिळण्यासारखा नव्हता, गेला असता तर पदरचाच गेला असता. तरी त्यांनी ते घेतलं. न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आणि लंडनमध्ये शिकलेल्या आंबेडकरांना या विषयावरच्या तिकडच्या अभ्यासाची चांगली ओळख होती. हॅवलॉक एलिससारख्या अभ्यासकांचे दाखले देत त्यांनी युक्तिवाद केला. लैंगिक विषयावर लिहिलं म्हणजे ते आपोआप अश्लील होत नाही. वाचक अज्ञानापोटी विचारतो, त्याला ज्ञानाने उत्तर देणं यात गुन्हा कसला?

कायद्याची कसोटी मात्र १८६८ च्या इंग्लंडमधल्या हिक्लिन खटल्यातली होती. कोवळ्या किंवा कच्च्या मनावर मजकुराचा वाईट परिणाम होईल असं वाटलं की तो अश्लील. एकोणिसाव्या शतकापासून अमेरिकेतली न्यायालयंही हीच कसोटी लावत आली होती. पण तिथे डेनेटबाईंच्या अपिलाने तिला तडा गेला होता आणि १९३३ च्या डिसेंबरात जेम्स जॉइसच्या 'युलिसिस' कादंबरीच्या निकालाने तो आणखी रुंदावला. मुंबईच्या न्यायालयाला त्याचा वारा लागला नाही. २८ फेब्रुवारी ते २४ एप्रिल १९३४ दरम्यान सुनावणी चालली, कर्वे दोषी ठरले, दोनशे रुपये दंड झाला. खटला हरले. मासिक मात्र निघत राहिलं.

आंबेडकरांनी हा विषय वकिलीपुरता ठेवला नाही. नोव्हेंबर १९३८ मध्ये त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने पी. जे. रोहम यांनी मुंबई विधानसभेत संततिनियमनाच्या प्रसारासाठी ठराव मांडला. सभागृहाने तो फेटाळला. कष्टकरी बाईची वारंवारची बाळंतपणं हा कामगारप्रश्नाचाच भाग आहे, हे पक्षाच्या कार्यक्रमात आणणारे आंबेडकर त्या काळातल्या राजकीय पुढाऱ्यांत जवळजवळ एकटे होते.

वर्ध्याचा सोमवार

१९३५ च्या हिवाळ्यात सँगर भारतात आल्या. म्हैसूर संस्थानाने १९३० मध्येच सरकारी संततिनियमन केंद्रं उघडली होती, त्यामुळे हा देश ऐकून घेईल अशी त्यांना आशा होती. त्यांना गांधीजींचा पाठिंबा हवा होता. गांधीजी 'हो' म्हणाले तर खेड्यापाड्यांतल्या लाखो घरांची दारं उघडतील, हा त्यांचा हिशेब. २ डिसेंबरला त्या वर्ध्याला पोचल्या. तो सोमवार, गांधीजींच्या मौनाचा दिवस. सातासमुद्रापलीकडून वाद घालायला आलेल्या पाहुणीचं स्वागत त्यांनी नुसत्या हसण्याने केलं. पुढचे दोन दिवस मात्र दोघं मोकळेपणाने बोलले.

बाईला वारंवारच्या बाळंतपणांतून सुटका हवी, यावर दोघांचं एकमत होतं. वाट कोणती, यावर मात्र त्यांचं कधीच जमणार नव्हतं. गांधीजींचं म्हणणं असं, की साधनं दिली तर पुरुषाच्या वासनेला मोकळं रान मिळेल. बाईने नवऱ्याला 'नाही' म्हणायला शिकावं आणि दोघांनी संयम पाळावा. सँगर यांनी विचारलं, की ज्या बाईला 'नाही' म्हणायची सोयच नाही, जिने 'नाही' म्हटल्यावर मार किंवा सवत वाट्याला येते, तिने काय करायचं? आणि पतीपत्नीतलं शरीरप्रेम म्हणजे नुसती वासना, हे त्यांना मान्य नव्हतं. गांधीजी शेवटी एवढ्यावर आले, की महिन्यातल्या निर्धोक दिवसांचा मार्ग साधनांपेक्षा बरा, कारण त्यात थोडा तरी संयम आहे.

कर्व्यांनी ब्रह्मचर्याच्या या उपदेशावर 'समाजस्वास्थ्य'मधून सातत्याने टीका केली. माझ्या मते त्यांचा मुद्दा आजही खणखणीत आहे. एका महात्म्याला जमलेलं व्रत कोट्यवधी संसारांवर घालून देता येत नाही. पण गांधीजींच्या बोलण्यातली एक गोष्ट टाकून देण्यासारखी नाही. पुरुषाची जबाबदारी साधनाने संपत नाही, हे त्यांनी ओळखलं होतं. तो धडा आपण गिरवला नाही, त्याची किंमत पुढे बायकांनीच मोजली.

वर्ध्याहून सँगर त्रिवेंद्रमला अखिल भारतीय महिला परिषदेला गेल्या. तिथे बायकांनी संततिनियमनाच्या बाजूने ठराव केला. गांधीजींचा शब्द मिळाला नव्हता, पण संघटित स्त्रियांचा मिळाला. वर्षभराने, डिसेंबर १९३६ मध्ये, अमेरिकेतही बांध फुटला. जपानहून आलेली गर्भप्रतिबंधक टोप्यांची एक पेटी जकात खात्याने अडवली होती, ती डॉ. हॅना स्टोन यांच्या नावाची. डॉक्टरांना अशी साधनं मागवता येतील असा निकाल न्यायालयाने दिला. हा निकाल लिहिणारे न्यायाधीश ऑगस्टस हँड. डेनेटबाईंची शिक्षा रद्द करणारेही तेच.

आकड्यांचं राज्य

स्वातंत्र्यानंतर वारं फिरलं. १९४९ मध्ये धन्वंती रामराव आणि आवाबाई वाडिया यांनी मुंबईत भारतीय कुटुंबनियोजन संघटना स्थापन केली. पुण्यात रँग्लर परांजप्यांच्या कन्या शकुंतला परांजपे यांनी वर्षानुवर्षं केंद्र चालवलं, पुढे विधान परिषदेत आणि राज्यसभेत हा विषय लावून धरला. पहिल्या पंचवार्षिक योजनेत कुटुंबनियोजनाला जागा मिळाली. नोव्हेंबर १९५२ मध्ये मुंबईत आंतरराष्ट्रीय परिषद भरली, जगभरच्या संस्थांचा महासंघ तिथे जन्माला आला आणि सँगर व धन्वंती रामराव त्याच्या मानद अध्यक्ष झाल्या. ज्या शहराने कर्व्यांना दंड ठोठावला, त्याच शहरात हा समारंभ झाला. पुढच्याच वर्षी, १४ ऑक्टोबर १९५३ रोजी कर्वे गेले. 'समाजस्वास्थ्य'चा शेवटचा अंक त्यानंतरच्या महिन्यात निघाला. सव्वीस वर्षं एकहाती चालवलेलं मासिक त्याच्या संपादकासोबत संपलं.

मासिकासोबत आणखीही काही संपलं. कर्वे एकेका माणसाशी बोलत होते, त्यांच्यानंतर बोलणं सुरू झालं ते लोकसंख्येशी. साठच्या दशकात अमेरिकेत 'लोकसंख्येचा स्फोट' हा परवलीचा शब्द झाला. अमेरिकेत तयार झालेला, गर्भाशयात बसवायचा लूप १९६५ पासून आपल्याकडे घाऊक प्रमाणात बसवला गेला, पण बसवल्यानंतर बाईला रक्तस्राव झाला, दुखू लागलं, तर तिच्याकडे पाहायला कुणी नव्हतं. लूप बदनाम झाला. दुष्काळाच्या त्या वर्षांत अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी गव्हाची जहाजं हात आखडून सोडली आणि कुटुंबनियोजनाचा रेटा वाढवायला लावला. मुंबईत रेल्वे स्थानकांवर नसबंदीची केंद्रं उघडली.

याचा शेवट आणीबाणीत झाला. १९७६-७७ या एका वर्षात देशात ऐंशी लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, त्यांतल्या साठ लाखांहून अधिक पुरुषांच्या. शिक्षकांना, तलाठ्यांना, ग्रामसेवकांना 'केसेस'चं लक्ष्य दिलं होतं. लक्ष्य पुरं झालं नाही तर पगार अडकायचा. महाराष्ट्र विधिमंडळाने तर १९७६ मध्ये तीन मुलांनंतर सक्तीची नसबंदी करणारं विधेयक मंजूर केलं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते अमलात आलं नाही. पण कर्व्यांच्या महाराष्ट्राने ते मंजूर केलं, हे विसरता येणार नाही. १९३४ मध्ये सरकार म्हणत होतं की हे तुम्ही जाणून घ्यायचं नाही. १९७६ मध्ये सरकार म्हणत होतं की हे तुम्ही केलंच पाहिजे. दोन्ही वेळा माणसाला विचारलं नाही.

त्या धसक्याने पुरुष नसबंदीपासून कायमचा लांब गेला. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात विवाहित जोडप्यांपैकी ३७.९ टक्के घरांत बाईचं ऑपरेशन झालेलं आढळलं, पुरुषाचं अवघं ०.३ टक्के. पुरुषाची शस्त्रक्रिया सोपी आणि कमी धोक्याची आहे हे डॉक्टर कानीकपाळी ओरडून सांगतात. तरी ओझं बाईच्याच पोटावर.

आजचा हिशेब

घणसोलीत आता मिठागरं नाहीत. ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखाने आले, सिडकोने जमिनी घेतल्या, गावठाणात दाटीने इमारती उभ्या राहिल्या आणि देशभरचे भाडेकरू त्यांत राहायला आले. महापालिकेच्या आरोग्य केंद्रात तांबी, गर्भनिरोधक गोळ्या, निरोध आणि तीन महिन्यांनी घ्यायचं 'अंतरा' इंजेक्शन मोफत मिळतं. सरकारने हे इंजेक्शन २०१७ मध्ये कार्यक्रमात आणलं. ज्या बाईपर्यंत कर्वे पोचले नाहीत, तिच्या दारापर्यंत आज आशाताई पोचते. हे मोठं यश आहे आणि ते सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेचं यश आहे. २०१९-२१ च्या त्याच सर्वेक्षणात महाराष्ट्राचा जननदर बाईमागे १.७ मुलांवर आला होता, म्हणजे धाकदपटशाची गरज कधीच नव्हती. मुलगी शिकली, मूल जगेल याची खात्री वाटली आणि साधन हाताशी आलं, की लोक आपणहून ठरवतात.

अमेरिकेत मात्र मिळालेला हक्क हातून सुटताना दिसतो आहे. तिथे १९६५ मध्ये विवाहितांना आणि १९७२ मध्ये अविवाहितांना गर्भनिरोधक वापरण्याचा हक्क न्यायालयाने मान्य केला, १९७३ मध्ये गर्भपाताचाही. २४ जून २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा घटनात्मक हक्क काढून घेतला आणि अनेक राज्यांनी तो जवळपास बंद केला. डेनेटबाईंना दोषी ठरवणारा कॉमस्टॉक कायदा पूर्णपणे रद्द झालेला नाही, गर्भपाताच्या गोळ्या टपालाने पाठवण्याविरुद्ध तो पुन्हा वापरा अशी मागणी तिथे उघडपणे होते. शंभर वर्षांपूर्वीचा वाद डॉक्टर, वकील आणि रुग्ण पहिल्यापासून लढत आहेत.

आपल्याकडे गर्भपाताचा कायदा १९७१ मध्येच आला. त्याची शिफारस करणाऱ्या समितीचे अध्यक्ष शांतिलाल शाह हे महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री होते. २०२२ च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित स्त्रियांनाही कायद्यातली चोवीस आठवड्यांपर्यंतची मुभा लागू केली. पण कायद्यात निर्णय आजही डॉक्टरच्या मताने होतो, बाईच्या मागणीने नाही. शाळांतलं लैंगिक शिक्षण अजून वादात अडकतं. कर्व्यांना जे प्रश्न पत्रातून येत, तेच प्रश्न आजची मुलं मोबाइलवर विचारतात, आणि उत्तर देणारा तिथे कुणीही असतो.

या इतिहासातून मला एक कसोटी मिळते, आणि ती दोन्ही बाजूंना लावता येते. आरोग्याचा कुठलाही कार्यक्रम, कायदा किंवा उपदेश समोर आला की विचारावं: यात बाईला पुरी माहिती मिळते का, आणि 'हो' किंवा 'नाही' म्हणायची मोकळीक तिच्याकडे राहते का? यांतलं एक जरी नसलं, तर तो कार्यक्रम संस्कृतीच्या नावाने आलेला असो वा राष्ट्रहिताच्या, तो नाकारला पाहिजे. आपल्या आरोग्य केंद्रांनी ऑपरेशनच्या आकड्यांआधी बायकांना नीट समजावून सांगायला वेळ द्यावा, नवऱ्यांनाही समोर बसवावं, आणि आठवी-नववीच्या मुलामुलींना शरीराचं शास्त्र त्यांच्या शिक्षकांनी मराठीत शिकवावं. कर्व्यांनी यासाठी नोकरी गमावली, दोनदा दंड भरला. आपल्याला तर कुणी कोर्टातही खेचणार नाही. मग आपण कशाची वाट पाहतो आहोत?